हिरव्या ठिपक्यावर विसंबलेली रात्र: सीमाभागातल्या एका प्रसूती वॉर्डाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण बेळगाव भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डातलं. रुग्णालय, पेशंट आणि सिस्टर यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नर्सिंग कॉलेजची शिक्षिका म्हणून विद्यार्थिनींना घेऊन या वॉर्डात माझं नेहमीचं जाणं-येणं आहे, आणि त्या रात्रीनंतर सिस्टरांच्या फेरप्रशिक्षणाची आखणी माझ्याकडे आली. 'नर्सना कॉम्प्युटर शिकवला' असं म्हणताना आपण त्यांना काय शिकवलेलं असतं आणि काय राहून गेलेलं असतं, हे या एका प्रकरणात स्पष्ट दिसतं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

पेशंट कुठून येतात, सिस्टर कुठल्या

चंदगड, आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग हे तालुके महाराष्ट्रातले. पण चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. मोठं दुखणं आलं की गाडी इकडेच वळते. शिवाय सोयरिकी राज्याची हद्द बघून होत नाहीत. खानापूरकडची मुलगी चंदगडला दिलेली असते, निपाणीची कागलला. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्हीकडे तोच. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी हद्द ओलांडून आईकडे येते. तोवरची तिची सगळी तपासणी, रक्ताचे रिपोर्ट, बीपीचे आकडे सासरच्या आरोग्य केंद्रात असतात.

तिच्या पिशवीतलं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत, इथल्या मुलींचं तायी कार्ड कन्नडमध्ये आणि रुग्णालयातलं सॉफ्टवेअर इंग्रजीत. वॉर्डातल्या सिस्टर निम्म्या निपाणी-खानापूरकडच्या मराठी घरांतल्या, निम्म्या गोकाक-बैलहोंगलकडच्या कन्नड घरांतल्या. ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात आणि कुणाचं काही अडत नाही. या भागातल्या नर्सिंगची ही मोठी ताकद आहे. पहिल्या प्रशिक्षणात तिचा उपयोग कुणी करून घेतला नव्हता.

बिलिंग आणि डिस्चार्ज कार्ड बरीच वर्षं कॉम्प्युटरवर होती. वॉर्डातल्या नोंदी, म्हणजे टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, औषधांचा चार्ट, नर्सेस नोट्स, नंतर आल्या. त्यासाठी सभागृहात दोन दुपारी प्रशिक्षण झालं. कंपनीचा माणूस इंग्रजी स्लाइड दाखवत होता: इथे दाबलं की ॲडमिशन, इथे व्हायटल्स, इथे औषधांचं इंडेंट (मागणी). शेवटी प्रत्येकीने एक खोटा पेशंट दाखल करून दाखवला आणि सगळ्या पास झाल्या. त्या दोन दुपारींतलं एक वाक्य सिस्टरांच्या मनात पक्कं बसलं: 'आता डॉक्टर घरी बसूनही मोबाइलवर सगळं बघू शकतात.'

नर्सिंग स्टेशनवर कॉम्प्युटरचं टेबल मांडताना भिंतीवरचे जुने कागद काढले गेले. त्यांत इन्चार्ज सिस्टरांनी लाल शाईने लिहिलेला एक कागद होता. गरोदर बाईचं बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन करायचा, रात्र असो की दिवस, असं त्यावर लिहिलेलं होतं.

ती रात्र

पेशंट पहिलटकरीण, सदतिसावा आठवडा. पाय सुजलेत आणि डोकं जड वाटतंय म्हणून आई तिला संध्याकाळी घेऊन आली. रात्री दहाला बीपी १३८/८८. लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) थोडं होतं. सकाळी बघू, रात्री दर चार तासांनी बीपी घ्या, असं डॉक्टर सांगून गेले.

रात्री दोनला सिस्टरने बीपी घेतलं: १४८/९८. नाडी ९६, श्वास २०, ताप नाही, ऑक्सिजन ९७ टक्के. तिने लगेच एन्ट्री केली. स्क्रीनवर पेशंटच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. सिस्टर तरुण, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, कामाला चोख. हिरवा म्हणजे ठीक, आणि डॉक्टरांना तर सगळं दिसतंच आहे, असं तिच्या मनाने घेतलं. फोन केला नाही.

चारला पुन्हा बीपी घेतलं: १६४/११०. तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. तिथे एका बाईची डिलिव्हरी होऊन रक्तस्राव थांबत नव्हता. रात्रीला दोनच सिस्टर. दोघी तिकडे धावल्या. १६४/११० हा आकडा खिशातल्या वहीत राहिला.

साडेचारच्या सुमारास डॉक्टर त्या रक्तस्रावाच्या फोनने जागे झाले. निघताना त्यांनी मोबाइलवर वॉर्डाची यादी पाहिली. यादीत आकडे नसतात. नाव, कॉट नंबर आणि ठिपका एवढंच. लाल आणि पिवळे ठिपके त्यांनी उघडून पाहिले. हिरवे उघडायचं कारण नव्हतं. ते थेट लेबर रूममध्ये गेले.

पावणेसहाला पेशंटची आई नर्सिंग स्टेशनशी आली. "सिस्टर, पोरीच्या डोळ्याफुडं काजवं चमकूलेत म्हणतीया, डोकंबी लई दुखूलंय बगा." या सिस्टरची घरची भाषा कन्नड, पण तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती धावत कॉटपाशी गेली. बीपी १७२/११४, गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय जोरात उडाला. डॉक्टर लेबर रूममध्येच होते, मिनिटभरात आले. तीव्र प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार. झटका कोणत्याही क्षणी येऊ शकत होता. बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल शिरेतून दिलं, झटका टाळणारं मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं आणि सिझेरियनची तयारी लागली.

मॅग्नेशियम चालू असलेल्या पेशंटपाशी नर्सने काय बघायचं, हे या सिस्टरला तोंडपाठ होतं: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे ना, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली तर जात नाही ना, लघवी तासाला निदान तीस मिली होते ना, आणि मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट. तिने एकही गोष्ट सोडली नाही. पुढे तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकताना हे लक्षात ठेवायला हवं.

साडेसहाला बीपी १५०/१०० वर उतरलं. मग सहा चाळीसला, जरा उसंत मिळाली तेव्हा, सिस्टरने वहीतली राहिलेली एन्ट्री भरली: १६४/११०. सॉफ्टवेअरने तिच्यापुढे वेळ टाकली सहा चाळीस. सकाळच्या ड्यूटीचे डॉक्टर आले, त्यांनी आलेख पाहिला. औषधाने १५० वर आलेलं बीपी दहा मिनिटांत पुन्हा १६४? त्यांनी लॅबेटॅलॉलचा पुढचा, दुप्पट डोस भरायला सांगितला. सिस्टर मध्ये पडली: "सर, ते चारचं आहे." पुन्हा बीपी घेतलं, १४८/९६ निघालं, डोस थांबला.

सिझेरियन नीट झालं. आई आणि बाळ दोघं सुखरूप घरी गेली.

हिरवा ठिपका आला कुठून

व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया मेमो देण्याची होती. चारची नोंद सहा चाळीसला का, दोनला फोन का नाही. हे प्रश्न रास्त होते. ते एकट्या सिस्टरला विचारणं अन्यायाचं होतं. कारण हिरवा रंग तिने दिलेला नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये प्रकृती ढासळण्याचा इशारा देणारं एक गुणांकन बसवलेलं होतं. ते मुळात ब्रिटनमधलं. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ते आणलं आणि २०१७ मध्ये सुधारलं; न्यूज (NEWS, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या नावाने ते जगभर वापरलं जातं. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण आणि पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टर, सात झाली की आणीबाणी. जनरल वॉर्डातल्या मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग होऊन तो खालावत चालला असेल, तर हे गुणांकन ते चांगलं पकडतं.

पण त्यात वरचं बीपी १११ पासून २१९ पर्यंत असेल तर गुण शून्य. खालचं बीपी तर धरलेलंच नाही. आता आपल्या पेशंटचं गणित मांडा. रात्री दोनला नाडी ९६ चा एक गुण, बाकी सगळे शून्य. एकूण एक. हिरवा. चारला १६४/११० ची एन्ट्री वेळेवर झाली असती, तरी बीपीचा गुण शून्यच पडला असता आणि ठिपका हिरवाच राहिला असता. हे गुणांकन गरोदर बायकांना वापरू नका, असं ते बनवणाऱ्यांनीच सांगितलेलं आहे. गरोदरपणासाठी वेगळे तक्ते असतात आणि त्यांत खालचं बीपी असतंच. इथे मात्र जनरल वॉर्डाचा साचा जसाच्या तसा प्रसूती वॉर्डात लावला गेला होता.

या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण पुढची सगळी आखणी इथून निघाली. त्या दोन दुपारींमध्ये सिस्टरांना हिरवा, पिवळा, लाल यांचा अर्थ सांगितला होता. रंग कशावरून ठरतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित शिकवणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. ज्या सिस्टरला १४८/९८ म्हणजे काय हे पुस्तकातून आणि अनुभवातून माहीत होतं, तिच्या माहितीवर रंगाने मात केली. रंग डॉक्टरांच्या मोबाइलवर जातो, रंग कंपनीने दिलेला, रंग रुग्णालयाने विकत घेतलेला. त्यापुढे रात्री दोन वाजता एका तरुण सिस्टरने स्वतःच्या शंकेला किती वजन द्यावं? कागदाच्या दिवसांत तिने फोन केलाच असता. भिंतीवर तसं लिहिलेलं होतं. कॉम्प्युटर आला, तो कागद गेला आणि 'डॉक्टर बघतातच' ही समजूत उरली. सिस्टरला वाटलं यंत्राने डॉक्टरांना सांगितलं; डॉक्टरांना वाटलं काही असतं तर यंत्राने सांगितलं असतं.

म्हणून माझं मत असं की नर्सच्या प्रशिक्षणाची सुरुवात बटणांपासून करू नये. आपण टाकलेला आकडा कुठे जातो, त्याचं पुढे काय होतं आणि तो वाचतं कोण, इथून करावी.

माहेरचं नाव

त्याच पहाटे आणखी एक गोष्ट घडली. सिझेरियनच्या आधी अँटिबायोटिक द्यायचं होतं. स्क्रीनवर ॲलर्जीच्या रकान्यात 'माहीत नाही' असा पर्यायच नव्हता. तिथे आपोआप 'ॲलर्जी नाही' असं भरलेलं येत होतं. काउंटरवरचा मुलगा नाव, पत्ता, आधार भरतो आणि पुढे जातो. तो रकाना त्याने पाहिलाही नसेल.

हीच सिस्टर इंजेक्शन भरायच्या आधी आईकडे वळली आणि विचारलं, आधी कधी कुठलं इंजेक्शन सोसलं नाही असं झालंय का? आई म्हणाली, "व्हय की. ल्हान असताना हितंच ॲडमिट होती. सुई मारल्यावर आंग सगळं फुलून दम लागला होता." सिस्टरने विचारलं, तेव्हाचं नाव काय? आणि माहेरच्या नावाने शोधल्यावर जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं. सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकची ॲलर्जी, स्पष्ट लिहिलेली. अँटिबायोटिक बदललं.

आपल्याकडे लग्नात मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि पुष्कळदा तिचं स्वतःचं नावही बदलतं. सरकारी आरोग्य योजनेचा क्लेम अडू नये म्हणून काउंटरवर आधारवरचं, म्हणजे आता सासरचं, नाव घालतात. कॉम्प्युटरच्या लेखी ती नवीन बाई झाली. जन्मतारखेवरून जुळवावं म्हटलं तर या भागातल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा भावाचा. आणि इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका: कन्नड वळणाने 'लता' किंवा 'सावित्री' लिहिताना 'टी'नंतर 'एच' येतो, मराठी वळणाने येत नाही. काउंटरवर कोण बसलंय त्यावर एकाच बाईच्या दोन फायली होतात.

तिच्याकडे आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, क्रमांक होता. सासरच्या आशाताईंनी काढून दिलेला, चौदा अंकी, देशात कुठेही चालणारा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं, त्याचा एक हेतूच हा की पेशंट राज्य ओलांडून गेला तरी त्याच्या संमतीने त्याची नोंद मागे जावी. सीमाभागाइतकी त्याची गरज दुसरीकडे क्वचितच असेल. पण काउंटरवर क्रमांक विचारला गेला नाही, आणि विचारला असता तरी लग्नाआधीची जुनी फाईल त्याला जोडलेली नव्हती. जोडण्यासाठी कुणीतरी ती शोधायला हवी. ती सिस्टरने शोधली.

एकाच रात्री, एकच सिस्टर. 'ॲलर्जी नाही' हे स्क्रीनवरचं म्हणणं तिने मानलं नाही आणि हिरवा ठिपका मात्र मानला. तिच्याशी बोलल्यावर कारण कळलं. इंजेक्शनच्या आधी तोंडाने विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही, हे विद्यार्थिदशेत सीनियर सिस्टरांनी तिच्या अंगवळणी पाडलेलं होतं, कागदावर काहीही लिहिलेलं असो. रंगाच्या बाबतीत तसं तिला कुणी घडवलेलं नव्हतं. ही सवय शिकवता येते, याचा पुरावाच तिने दिला होता.

फेरप्रशिक्षण

मेमो मागे घेतला गेला. इन्चार्ज सिस्टर ठामपणे आड आल्या, आणि डॉक्टरांनीही आपण हिरवे ठिपके उघडत नाही हे बैठकीत सरळ सांगितलं. त्यांच्या त्या बोलण्याने पुढचं काम सोपं झालं.

पहिलं सत्र कॉम्प्युटरशिवाय घेतलं, वॉर्डातच, दुपारच्या ओव्हरच्या आधी. एकच बीपी घेतलं आणि त्याच्या मागे चालत गेलो: पट्टा, वही, स्क्रीन, डॉक्टरांचा मोबाइल, औषधाचा निर्णय, डिस्चार्ज कार्ड, चंदगडच्या आरोग्य केंद्रातल्या एएनएम सिस्टर, गावातल्या आशाताई. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: इथे हा आकडा कोण वाचतं आणि वाचून काय करतं? डॉक्टरांनी आपला मोबाइल सिस्टरांच्या हातात दिला. यादीत आकडे दिसतच नाहीत, हे कितीतरी जणींनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग रंगाचं गणित. न्यूजचा तक्ता मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत फळ्यावर मांडून सिस्टरांना हाताने बेरजा करायला लावल्या. प्रीएक्लाम्प्सियाच्या पेशंटचे आकडे दिले. एक गुण, एक गुण, पुन्हा एक गुण. ज्या सिस्टरांनी वीस-पंचवीस वर्षं लेबर रूम सांभाळली आहे, त्या फळ्याकडे बघून चिडल्या. ती चीड मोलाची होती, कारण आपल्याला ठाऊक असलेलं यंत्राला ठाऊक नाही, हे त्यांना त्यातून उमगलं. इन्चार्ज सिस्टरांनी लाल शाईचा कागद पुन्हा लिहिला. कॉम्प्युटरच्या शेजारी, डोळ्यांसमोर लावला. त्यात एक ओळ वाढली: ठिपका कुठलाही असो. आणि १६०/११० ला काय, तेही लिहिलं: पंधरा मिनिटांत पुन्हा बघायचं, तेवढंच आलं तर औषध तासाभराच्या आत पोटात किंवा शिरेत गेलं पाहिजे.

वेळेचा प्रश्न जास्त चिवट होता. ड्यूटीच्या शेवटी सगळ्या एन्ट्री एकदम मारणं ही बहुतेक वॉर्डांतली रीत आहे, आणि त्यामागे आळस नाही. रात्री दोन सिस्टर, एक कॉम्प्युटर, तोही कॉटपासून लांब. बाई कळा देत असताना कुणी लॉगिन करत बसणार नाही आणि बसूही नये. 'वेळच्या वेळी एन्ट्री करा' असं फर्मान काढून काही होत नाही. मी त्याऐवजी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली, घडल्याची वेळ आणि नोंदवल्याची वेळ हे दोन वेगळे रकाने. सॉफ्टवेअरमध्ये ते होते. उशिराची नोंद टाकताना घडल्याची वेळ हाताने बदलता येत होती. त्या दोन दुपारींत हे बटण कुणी दाखवलंच नव्हतं. चारचं बीपी सहा चाळीसचं झालं ते यामुळे. दुसरी, कोणत्या नोंदी थांबू शकतात आणि कोणत्या नाहीत, याची वाटणी. अंघोळ घातली, चादर बदलली, हे सकाळी भरलं तरी चालतं. धोक्याच्या पट्टीतलं बीपी आधी तोंडाने किंवा फोनने डॉक्टरांपर्यंत जायचं, एन्ट्री नंतर.

श्वासाच्या आकड्याचं इथेच सांगते, कारण ते जिथेतिथे दिसतं. वॉर्डाच्या जुन्या नोंदी काढल्या तर पानंच्या पानं श्वास २०. पूर्ण मिनिट मोजायला सवड नाही, म्हणून ठरलेला आकडा पडतो. कागदावर हा खोटेपणा कागदापुरता राहायचा. कॉम्प्युटर त्याच आकड्यावर गुण देतो, रंग देतो, आणि खरा श्वास २६ असलेली बाई हिरवी दिसत राहते. विद्यार्थिनींना मी आता हे पहिल्याच आठवड्यात शिकवते.

जोड्या लावल्या त्याचा फायदा झाला. पन्नाशीतल्या सिस्टरांना कीबोर्डची धास्ती आणि नव्या मुलींना पेशंटच्या चेहऱ्यावरून धोका ओळखण्याचा सराव कमी. दोघींना एका कॉम्प्युटरवर, एका पेशंटच्या कॉटपाशी बसवलं. भाषेचंही तसंच: एक मराठी, एक कन्नड. मोठ्या सिस्टर सांगतात काय बघायचं, धाकटी सांगते कुठे टाकायचं. सभागृहातल्या दोन दुपारींत जे जमलं नव्हतं, ते इथे सहज जमलं, कारण इथे कुणीच नुसतं शिकणारं नव्हतं.

बत्ती गुल झाल्याची तालीमही घेतली. खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं कारण सांगायला नको. वीज आणि नेट गेलं की कुठले कागद काढायचे, ते कुठल्या कपाटात आहेत, परत आल्यावर कोण भरणार आणि भरताना कुठली वेळ घालणार. शिवाय लॉगिनचं: इन्चार्जच्या नावाने सगळ्या एन्ट्री मारायच्या ही सवय मोडायला त्रास झाला. उद्या प्रश्न आला तर न केलेल्या कामाला इन्चार्ज जबाबदार धरल्या जातात आणि केलेल्या कामाचं श्रेय सिस्टरला मिळत नाही, हे उदाहरणाने पटलं. व्हॉट्सॲपवर पेशंटच्या चार्टचे फोटो पाठवणं मात्र आजही पूर्ण थांबलेलं नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा सांगून ते थांबणार नाही; रात्री डॉक्टरांना चटकन दाखवायची दुसरी सोय दिली तर थांबेल.

अभ्यासक्रमातली जागा

अमेरिकेत २००३ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने प्रत्येक आरोग्यसेवकाला हव्यात अशा पाच मूलभूत क्षमता सांगितल्या, त्यांत माहितीशास्त्राचा (इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे माहिती आणि कॉम्प्युटर यांचा) वापर ही एक होती. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात हा विषय स्वतंत्रपणे आला, दुसऱ्या सत्रात, थिअरी आणि लॅब मिळून. चांगली गोष्ट. पण दुसऱ्या सत्रातल्या मुलीने अजून प्रसूती वॉर्ड पाहिलेला नसतो. तिला रंगाचं गणित कळेल. १६४/११० चा अर्थ तिसऱ्या वर्षापर्यंत कळणार नाही. हे दोन्ही एकत्र यायला हवं असेल, तर माहितीशास्त्र प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगमध्ये पुन्हा यायला हवं, आणि ते शिकवणारी व्यक्ती नर्स हवी. कॉम्प्युटर लॅबच्या सरांवर हे सोपवून चालणार नाही. आणि ज्या हजारो सिस्टर याआधीच जीएनएम किंवा बी.एस्सी. होऊन कामाला लागल्या, त्यांच्यासाठी अभ्यासक्रमात काही नाही. त्यांचं शिक्षण वॉर्डातच व्हायचं आहे, ड्यूटीच्या वेळेत, पगारी.

आज काय स्थिती आहे

प्रसूती वॉर्डातला जनरल साचा बंद करून घेतला. त्या जागी गरोदरपणाचा तक्ता बसवायचा आहे. कंपनीशी त्याचं बोलणं चालू आहे. तोवर गरोदर पेशंटच्या नावापुढे ठिपका येत नाही आणि डॉक्टरांना यादीतच शेवटचं बीपी आणि त्याची वेळ दिसते. कंपनीकडून हा बदल मागताना कुठला आकडा यादीत हवा, हे सिस्टरांनी सांगितलं. ॲलर्जीच्या रकान्यात 'विचारलेलं नाही' हा पर्याय आला आणि तो बदलल्याशिवाय इंजेक्शनचं पान उघडत नाही.

काउंटरवर आता तीन गोष्टी विचारतात: आभा क्रमांक, माहेरचं पूर्ण नाव, लग्नाआधी इथे कधी दाखल होता का. त्यातला तिसरा प्रश्न त्याच सिस्टरने सुचवला. महाराष्ट्रातलं कार्ड घेऊन आलेल्या मुलीच्या आधीच्या तपासण्या आजही हातानेच उतरून घ्याव्या लागतात. आणि डिस्चार्जच्या वेळी बीपीची गोळी चालू असेल तर मराठीत लिहिलेली एक जादा चिठ्ठी देतात, सासरच्या एएनएम सिस्टरांसाठी; बाळंतपणानंतर कधी कधी बीपी वाढतं, ते पहिल्या आठवड्यात तपासायला हवं, हे त्यात ठळक लिहिलेलं असतं.

रात्रीला मात्र अजून दोनच सिस्टर आहेत. तिसरी मागितली आहे, कॉटपाशी नेता येईल असा एक टॅबही मागितला आहे. टॅब मंजूर झाला. तिसऱ्या सिस्टरचा अर्ज व्यवस्थापनाकडे आहे आणि त्याला हे प्रकरण जोडलेलं आहे.